केमनच्या पाकटांना भेटायचंय? जहाजाची टूर सोडून स्वतःची बोट कशी निवडायची

गोव्यात दर वाड्यावर एक तरी पोरगा शिपवर असतोच, त्यामुळे कॅरिबियन हे नाव आपल्याला काही नवीन नाही. आता तर मुलगा-सून अमेरिकेत असलेले फोंड्या-म्हापशाचे आईबाबा पण मायामीहून क्रूझ करून येतात, आणि ग्रँड केमनचा स्टॉप असला की प्रश्न ठरलेला, ती पाण्यात उभं राहून पाकटांना, म्हणजे स्टिंगरे माशांना, खायला घालायची टूर जहाजावरूनच घ्यायची की बाहेरून? माझा भाऊ शिपवर आहे, त्याच्यामुळे घरात हा विषय इतक्या वेळा निघालाय की आता सरळ लिहूनच टाकते. बाहेरूनच घ्या, पण चार पैसे वाचतात म्हणून नको. बाहेरच्या छोट्या बोटीत माणसं कमी असतात, गाईड पाण्यात तुमच्या बाजूला उभा राहतो, हा फायदा. आणि टेन्शन घ्यायचंच असेल तर पाकटाच्या काट्यापेक्षा घड्याळाच्या काट्याचं घ्या.

आधी जागा कशी आहे ते बघा. ग्रँड केमनच्या उत्तरेला नॉर्थ साउंड म्हणून मोठी उथळ खाडी आहे, तोंडावर प्रवाळाची भिंत, त्यामुळे आतलं पाणी शांत. पूर्वी तिथले कोळी मासेमारीहून परत येताना इथे थांबून मासे साफ करायचे, घाण पाण्यात टाकायचे, ती खायला पाकटं जमायला लागली, आणि हळूहळू बोटीच्या इंजिनचा आवाज म्हणजे जेवण हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. १९८० च्या दशकात डायव्हिंगवाल्यांनी हे बघितलं आणि धंदा सुरू झाला. आज तिथे दोन वेगळ्या जागा आहेत आणि जाहिरातीत दोन्हीला सर्रास स्टिंगरे सिटी म्हणतात. एक सँडबार, जिथे पाणी कंबर-छातीपर्यंत, पोहता न येणारा माणूस पण उभा राहू शकतो. दुसरी जुनी डाईव्ह साइट, १२-१४ फूट खोल, ती स्कूबावाल्यांची. क्रूझवाल्यांच्या टूर बहुतेक सँडबारलाच जातात, तरी बुक करताना एका ओळीत विचारून घ्या, बरोबर आजी असेल तर नक्कीच.

आणखी एक, सँडबारवर खाली नुसती पांढरी वाळू आहे. पाकटं सोडली तर मास्क लावून बघण्यासारखं फार काही नाही. खरं स्नॉर्केलिंग हवं असेल तर टूरमध्ये कोरल गार्डन्स किंवा बॅरिअर रीफ अशा प्रवाळाच्या जागेचा स्टॉप आहे का ते बघा. तीन स्टॉपवाल्या टूर असतात, पाकटं, रीफ आणि मग स्टारफिश पॉइंट, म्हणजे तारामासे दिसतात तो उथळ किनारा. माझ्या मते दोन स्टॉपवाली पुरते, पाकटं आणि रीफ. तिसरा स्टॉप लहान मुलं असतील तर ठीक, नाहीतर तो वेळ हाताशी राहिलेला बरा.

आता वेळेचं. केमनला मोठं जहाज लागेल असा धक्काच नाही. जहाज जॉर्ज टाउनसमोर नांगर टाकून उभं राहतं आणि लोकांना छोट्या टेंडर बोटींनी किनाऱ्यावर नेतात. ज्यांनी टूर जहाजाकडून घेतलीय त्यांना आधी उतरवतात, तुम्ही आम्ही नंबर घेऊन लाउंजमध्ये बसायचं. त्यात पाकटांच्या बोटी जॉर्ज टाउनच्या टेंडर धक्क्यावरून सहसा सुटत नाहीत, त्या नॉर्थ साउंडच्या बाजूच्या मरिनातून निघतात, म्हणजे आधी टेंडर मग बस मग बोट. म्हणून हिशोब शेवटापासून मांडायचा. समजा जहाज ४ ला सुटणार आणि शेवटची टेंडर ३.३० ला आहे, तर तुम्ही २ पर्यंत जॉर्ज टाउनला परत पायजे. टूर जाऊन-येऊन साधारण साडेतीन-चार तासांची, म्हणजे ती १० च्या आत निघालीच पायजे. आणि जहाज ८ ला पोचत असेल तर ८.३० ची टूर बुक करण्यात काही अर्थ नाही, तुम्ही तेव्हा जहाजावरच असाल. मधे तास-दीड तास सोडा. हे गणित बसत नसेल, म्हणजे जहाज फक्त पाच-सहा तास थांबणार असेल, तर गुपचूप जहाजाचीच टूर घ्या. त्यांची टूर लेट झाली तर जहाज थांबतं, तुमच्यासाठी थांबणार नाही.

घड्याळाची अजून एक भानगड आहे जी कोणी सांगत नाही. केमनमध्ये घड्याळ वर्षभर एकच असतं, अमेरिकेसारखं मागेपुढे करत नाहीत. मार्च ते नोव्हेंबर अमेरिकेत घड्याळ तासभर पुढे असतं, म्हणजे उन्हाळ्यात फ्लोरिडाहून निघालात तर केमन तुमच्या एक तास मागे. काही जहाजं प्रवासात वेळ बदलतात, काही शेवटपर्यंत जहाजाचीच वेळ चालवतात. पण तुमचा फोन किनाऱ्यावर नेटवर्क पकडला की आपोआप तिथली वेळ दाखवायला लागतो! जहाजावर ३.३० वाजलेले असतात, फोनवर २.३०, आणि तुम्ही मस्त आइस्क्रीम खात बसलेले. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून हातात घाला, आणि बोटवाल्याला मेसेजमध्ये सरळ विचारा की तुम्ही दिलेली वेळ बेटाची की जहाजाची. त्या दिवशीच्या जहाजाच्या पत्रकावर पोर्ट एजंटचा, म्हणजे जहाज कंपनीचं काम बघणाऱ्या तिथल्या माणसाचा, नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. पासपोर्टची झेरॉक्स पण जवळ असू दे, पोर्तुगीज पासपोर्ट असला तरी.

मग वारा. हिवाळ्यात तिकडे उत्तरेचा वारा सुटतो, तेव्हा नॉर्थ साउंडमध्ये लाटा येतात, बोटी बंद ठेवतात, कधी तर टेंडर चालवता येत नाही म्हणून जहाज केमनला न थांबताच पुढे जातं. जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा सीझन, तेव्हा तर मार्गच बदलू शकतो. त्यामुळे बोटवाल्याची कॅन्सल पॉलिसी हीच माझ्या लेखी पहिली चाचणी. जहाज थांबलंच नाही तर पूर्ण पैसे परत, हे लेखी पायजे, आणि आगाऊ पैसे कमीत कमी, बाकीचे तिथे गेल्यावर. जो बुकिंगलाच सगळे पैसे घेतो आणि परतीबद्दल गोल गोल बोलतो त्याला सोडून द्या, दुसरे भरपूर आहेत.

बोट निवडताना त्यांच्या पानावरचे फोटो नीट बघा, यातून रिव्ह्यूपेक्षा जास्त कळतं. पाकट पाण्याबाहेर उचलून, हातावर झेलून, पर्यटकाच्या खांद्यावर टाकून काढलेला फोटो दिसला की तिथेच थांबा. सँडबार हा केमन सरकारने ठरवलेला वन्यजीव भाग आहे, तिथे कुठलाही समुद्री जीव पाण्याबाहेर काढायला बंदी आहे, आणि २०१३ पासून पाकटांना कायद्याने संरक्षण पण आहे. जो हा साधा नियम पाळत नाही तो लाइफ जॅकेट तरी नीट ठेवत असेल का? चांगला गाईड पाकट पाण्यातच दोन हातांवर तरंगतं धरतो आणि तुम्हाला जवळ बोलावतो. धंदा करायला त्यांना लायसन्स लागतं, तेही विचारा, खरा असेल तो लगेच सांगतो.

बोटीत किती माणसं हे विचारायलाच पायजे. मोठ्या कॅटामरानमध्ये शंभरच्या आसपास लोक भरतात आणि मग सँडबारवर गर्दी म्हणजे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातलं बागा बीच. पंधरा-वीस जणांची बोट थोडी महाग पडेल पण तुमच्या वाट्याला पाकट येईल. तुम्ही आठ-दहा जण असाल तर आख्खी बोट भाड्याने घेतलेली कधीकधी माणशी तेवढ्यालाच पडते, आणि वेळ तुमच्या हातात राहते, विचारून बघा. त्या दिवशी बंदरात किती जहाजं आहेत ते क्रूझ वेळापत्रकात आधीच दिसतं. पाच जहाजं असतील तर वरच्या गणितात बसणारी सकाळची पहिली वेळ धरा, किंवा जहाज उशिरा सुटणार असेल तर दुपारची, मधली नको.

भाव विचारताना डॉलर कुठला ते पण विचारा. केमनचा स्वतःचा डॉलर आहे आणि तो अमेरिकन डॉलरपेक्षा महाग आहे, एक केमन डॉलर म्हणजे १.२० अमेरिकन, दुकानात तर बऱ्याचदा १.२५ च्या हिशोबाने लावतात. ५० चे ६० असे होतात. त्यात बस, मास्क, लाइफ जॅकेट, पाणी धरलंय का हे विचारा, आणि लहान मुलांच्या मापाचं जॅकेट आहे का हे वेगळं विचारा, "हो हो आहे" वर समाधान मानू नका, मुलाचं वजन सांगून विचारा.

जायच्या आधी इथे घरी एक काम करा, मास्क लावून बघा. आपल्या गोव्यातल्या ग्रँड आयलंडच्या ट्रिपमध्ये मास्क लावलाय असं सांगू नका, तिथे पाणी बऱ्याचदा इतकं गढूळ की मास्क असून नसून सारखंच, आणि पावसाळ्यात तर ते बंदच. कुठल्यातरी स्विमिंग पूलमध्ये मास्क लावून नळीतून दहा मिनिटं तोंडाने श्वास घ्यायची सवय करा. मिशीवाल्यांचा मास्क नाकाखालून गळतो, थोडं व्हॅसलीन लावलं की बरंच थांबतं. काचेवर धुकं येऊ नये म्हणून आतून थुंकी चोळून धुवायची, किळस वाटते पण जगभर हेच करतात. बायकांनी कॉटनचे ड्रेस घालून पाण्यात उतरू नये, भिजून जड होतात आणि पायात येतात, लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा स्विमिंगचा टॉप बरा. त्याने सनस्क्रीन पण कमी लागतं, आणि ते पाकटांच्या अंगाला जेवढं कमी लागेल तेवढं चांगलं, त्यांच्या अंगावर बुळबुळीत थर असतो तो त्यांना रोगराईपासून वाचवतो.

पाण्यात उतरल्यावर चपला-फिन्स नाही, उथळ पाण्यात तिथे मनाईच आहे. पाय उचलून टाकायचा नाही, वाळूत घासत घासत चालायचं, म्हणजे खाली बसलेल्या पाकटाला कळतं आणि ते सरकतं. काटा शेपटीवर असतो आणि पाय वर पडला, दाबलं गेलं तरच ते मारतं. आपले रापणकार जाळ्यात पाकट आलं की आधी त्या शेपटीचाच बंदोबस्त करतात, तसं इथे कोणी केलेलं नसतं, ही मोकळी पाकटं आहेत, काटे शाबूत. टीव्हीवरच्या मगरवाल्या स्टीव्ह अर्विनचं नाव घरातलं कोणीतरी काढणारच, तो २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात पाकटाच्या काट्यानेच गेला, पण काटा छातीत घुसला होता, असं फार क्वचित होतं. काटा पायाला लागलाच तर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, उष्णतेने विषाचा जोर कमी होतो, आणि डॉक्टरकडे जायचं, आत राहिलेला तुकडा स्वतः ओढायचा नाही.

खायला घालताना म्हाकुळाचा (स्क्विडचा) तुकडा मुठीत धरायचा, अंगठा आत, मूठ पाण्याखाली. पाकटाचं तोंड खालच्या बाजूला, त्यामुळे त्याला तुमचा हात दिसतच नाही, ते वासावर येतं, तुमच्या मुठीवर पसरतं आणि पंपासारखं ओढून घेतं. अंगठा बाहेर असेल तर तोही ओढतं, रक्त येत नाही पण लाल वळ उठतो. अंगाला लागतं तेव्हा खालून ओल्या मखमलीसारखं, वरून जरा खरखरीत. मोठ्या असतात त्या माद्या, पाच फूट रुंद पण होतात, नर त्यांच्या अर्धे. पाकटाचा मुका घेतला की सात वर्षं नशीब उघडतं असं तिथले गाईड सांगतात, घ्यायचा तर घ्या, जबरदस्ती कोणी करत नाही. शाकाहारी मंडळींनी म्हाकूळ हातात धरायची गरज नाही, बाजूला उभं राहिलं तरी ती येऊन पायाला घासून जातातच.

हे खायला घालणं चांगलं का हा प्रश्न मला पण पडतो. २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं की पाकटं खरी रात्री फिरणारी, पण इथली दिवसा फिरायला लागलीत आणि एकाच जागी गर्दी करतात. ज्यांना पाकटं दुसरीकडे बघायची असतील त्यांनी बेलीझचा स्टॉप असेल तर होल चान रिझर्व्ह या तिथल्या सागरी अभयारण्याचा विचार करावा, तिथे सोबत चांगली रीफ बघायला मिळते, पण बेलीझ सिटीहून बोटीचा पल्ला लांब आहे, वेळेचं गणित अजून कडक. काही बेटांवर कुंपण घातलेल्या पाण्यात काटे कापलेली पाकटं ठेवतात, मुलं फार लहान असतील तर ते सोपं, मला स्वतःला ते बघवत नाही.

शेवटी टिप. तिकडे १५-२० टक्के द्यायची पद्धत आहे, अमेरिकन डॉलरच्या सुट्या नोटा झिपच्या पिशवीत टाकून न्या, आणि बोटीवर फोटोंचं पॅकेज विकायला आले तर आधी भाव विचारा, मग पोज द्या.