केफरचा हीटर आणि टेलचं पाणी

दर डिसेंबरला मी महिनाभर परभणीला घरी येतो, आणि दर डिसेंबरला जर्मनीला निघालेलं एखादं पोरगं आईवडिलांना घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसतं. यंदा तिघं आले. एक लातूरचा, एक सेलूचा, एक वाळूजला दोन वर्षं लाइनवर काम केलेला. करार, विमा, खोलीचं भाडं, कुकर न्यायचा की नाही, सगळं विचारून झालं की आवाज जरा खाली येतो आणि खरा प्रश्न निघतो. "काका, तुमची ती जुनी गोल गाडी आहे ना, तशी तिकडं स्वस्तात मिळते का?"

म्हणजे फोक्सवॅगनची बीटल. मिळते. आणि घेऊ नका. निदान पहिली गाडी म्हणून तरी नको. हे मी सगळ्यांना सांगतो आणि तिघांतला एक घेतोच. मागच्या साली जिंतूरच्या पोरानं जुलैत घेतली. उन्हात चमकणारी, निळी, १९७० ची. नोव्हेंबरात त्याचा फोन: "काका, हीटरचा दांडा पूर्ण ओढला तरी काचेला आतून बर्फ धरतोय." त्याला फोनवर तुकड्यातुकड्यांनी जे सांगितलं तेच इथं सलग लिहितोय, म्हणजे पुढच्या वेळी माझा हुरडा थंड होणार नाही.

आधी थंडीबद्दल एक. "परभणीची थंडी सोसलीय आम्ही" असं म्हणू नका. इथं कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा पाचाच्या खाली जातो हे खरं, पण दहा वाजता ऊन अंगावर येतं आणि स्वेटर खुंटीला जातो. स्टुटगार्टच्या वर, श्वेबियन आल्बच्या डोंगराळ भागात, भर दुपारीसुद्धा पारा शून्याखाली राहिलेले दिवस मी मोजणं सोडून दिलंय. डिसेंबरात साडेचारला अंधारतं. रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

आता चार गोष्टी पटापट. आपलं लायसन्स तिथं राहायला लागल्यापासून सहा महिनेच चालतं, नंतर लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. बर्फात हिवाळी टायर लागतातच. सकाळी गाडी सुरू करून, ती तापेपर्यंत घरात चहा प्यायचा, ही आपली सवय तिथं चालत नाही. उभ्या गाडीचं इंजिन विनाकारण चालू ठेवायला मनाई आहे, आणि शेजारीण खिडकीतून बघत असते. रविवारी गाडीखाली पडून ठोकाठोक करू नका, त्या दिवशी शांतता पाळतात.

हां, तर हीटर.

फोक्सवॅगनच्या या गाडीला आपण बीटल म्हणतो, जर्मन लोक केफर म्हणतात, म्हणजे भुंगेरा. इंजिन मागे, आणि त्याला पाणी नाही. रेडिएटर नाही, कूलंट नाही. साध्या गाडीत इंजिनचं गरम पाणी डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून फिरतं आणि पंखा ती ऊब तुमच्या अंगावर टाकतो. इथं पाणीच नाही, तर ऊब आणायची कुठून? वाळूजच्या पोराला हे चटकन कळलं, कारण त्यानं रिक्षाची इंजिनं पाहिलेली. रिक्षाच्या इंजिनावर पत्र्याचं आवरण असतं आणि आत पंखा वारा घालतो, तसंच हे. पंखा बेल्टवर फिरतो, वारा सिलिंडरांवरून जातो. त्यातलाच थोडा वारा दोन पाइपांनी खाली, सायलेन्सरच्या नळ्यांभोवती बसवलेल्या पत्र्याच्या पेट्यांत जातो. तप्त नळीला घासून तो गरम होतो आणि गाडीच्या दोन्ही बाजूंच्या पोकळ उंबऱ्यांतून पुढं काचेपर्यंत येतो. त्या पेटीला तिथले मेकॅनिक हाइत्सबिर्ने म्हणतात, आणि दाराखालच्या उंबऱ्याला श्वेलर. हे दोन शब्द पाठ करून जा. स्पेअर पार्टच्या बाजारात जर्मन व्याकरणापेक्षा तेच जास्त उपयोगी पडतात.

हे सगळं १९६३ च्या मॉडेलपासून पुढच्या गाड्यांचं. त्याआधीच्या केफरमध्ये इंजिनावरून आलेली गरम हवाच सरळ आत सोडत, ऑइलच्या वासासकट.

आता जायकवाडी आठवा. पैठणला धरण भरलेलं आहे, डावा कालवा सुटलाय, पेपरात फोटो आलाय. तरी परभणीकडच्या टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याच्या पाटात पाणी नाही. कालवा २०८ किलोमीटरचा. वाटेत कुठं अस्तर फुटलंय, कुठं गेट अर्धंच उघडलंय, कुठं कुणी मोटार टाकलीय. टेलचा माणूस धरणाला शिव्या देतो, पण धरणाचा दोष नसतो. केफरमध्ये तुम्ही टेलला बसलेले आहात. इंजिन मागे, काच पुढं, मधे दहा जोड. मी पहिल्या वर्षी हेच विसरलो आणि धरण बदलायला निघालो, म्हणजे दोन्ही हाइत्सबिर्ने नव्या आणून बसवल्या. फरक शून्य. उजव्या बाजूची केबल तुटलेली होती. एवढंच. किंमत विचारू नका, बायको हे वाचते.

म्हणून तपासणी टेलकडून सुरू करा. आणि गाडी उभी करून नाही, आधी पंधरावीस मिनिटं चालवून. पंखा इंजिनच्या वेगाप्रमाणे कमीजास्त फिरतो, त्यामुळे सिग्नलवर उभं असताना वारा मंदावणारच. तो बिघाड नव्हे. चढावर खालच्या गिअरला ओढत नेली की ऊब अंगावर येते, आल्बच्या चढावर मला ती सगळ्यात बरी वाटते.

हँडब्रेकच्या दोन्ही बाजूंना दोन दांडे असतात, १९६५ च्या मॉडेलपासून. त्याआधी फिरवायची मूठ होती. उजवा लाल मुठीचा, तो मुख्य गेट. डावा फक्त मागच्या सीटखालची तोंडं उघडतो. मागं कुणी बसलेलं नसेल तर डावा बंद ठेवा, नाहीतर निम्मी ऊब रिकाम्या सीटला. पुढं पायाजवळही सरकती झाकणं आहेत. काच साफ करायची असेल तर तीही बंद, मग सगळी हवा वर चढते. जिंतूरच्या पोराची ही झाकणं गंजून उघडीच अडकली होती, आणि त्याला ती आहेत हेच ठाऊक नव्हतं.

आणि टेलचा दुसरा नियम: पुढं निचरा नसेल तर पाणी पाटात शिरतच नाही. चारही काचा घट्ट लावल्या की गाडी फुग्यासारखी होते, आत आलेली हवा बाहेर जायला वाट नाही, मग नवी हवा येणार कुठून? कोपऱ्यातली तिकोनी काच बोटभर उघडा. थंडीत काच उघडायला सांगतो म्हणून माझ्यावर हसतात, पण दोन मिनिटांत काचेवरचं धुकं मागं सरतं. १९७१ च्या मॉडेलपासून मागच्या खिडक्यांमागं चंद्रकोरीसारख्या जाळ्या दिल्या, त्या याच कामाच्या.

आता गाडीखाली. जॅकच्या भरवशावर कधीही शिरू नका, स्टँड लावा. जोडीदाराला लाल दांडा वरखाली करायला सांगा आणि टॉर्च मारून बघा. दोन्ही पेट्यांची झडप हलते का? एकच हलली तर दुसऱ्या बाजूची केबल तुटली किंवा चिकटली. एकाच पायाला ऊब लागत असेल तर दहातल्या आठ वेळा हेच. नवी केबल स्वस्त असते, पण घालताना आधीची गंजलेली ओढून काढणं हा खरा घाम. आदल्या रात्री दोन्ही टोकांना गंज सोडवणारं भेदक तेल सोडून ठेवा.

तिथंच पेटीपासून उंबऱ्यापर्यंतचा नालीदार जोडपाइप बघा. फाटलेला असतो, नाहीतर नसतोच. मग इंजिनचं झाकण उघडा. पंख्याच्या आवरणापासून खाली जाणारे दोन जाड पाइप, डावीउजवीकडे एकेक. इथला फाटका पाइप म्हणजे कालव्याच्या पहिल्याच किलोमीटरला भगदाड, आणि त्यात इंजिनचीही हवा वाया जाते. बेल्ट अंगठ्यानं दाबा. साधारण दीड सेंटिमीटर दबला पाहिजे. जास्त दबला तर पुलीच्या दोन फाकांमधली एखादी चकती काढून बाहेर नटाखाली लावा, बेल्ट आवळतो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी जुगाड केलाय. कंपनीचीच रचना आहे ती.

थर्मोस्टॅट हा मुद्दा आपल्या लोकांना पटवणं अवघड जातं. पाणी नसलेल्या इंजिनाला थर्मोस्टॅट कशाला? तर खाली एक भातुकलीतल्या भांड्याएवढा धातूचा फुगा असतो. इंजिन थंड असताना तो आकसलेला आणि वाऱ्याच्या झडपा बंद. साधारण पासष्ट ते सत्तर अंशांना तो फुगून झडपा उघडतो. आधीच्या कुण्या मालकानं तो काढून टाकला असेल तर थंड वारा पहिल्या मिनिटापासून इंजिनावर वाहतो, आणि कामावर पोचेपर्यंत ते तापतच नाही. मेच्या उन्हात परभणीला तो काढला तर कुणाला कळणारही नाही. आल्बवर कळतं.

एवढं सगळं नीट असेल तरच हाइत्सबिर्ने. अस्सल जुन्या पेटीत नळीभोवती ॲल्युमिनियमच्या पाकळ्या असतात, हवा त्यांना घासून तापते. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त पेट्यांत त्या नसतात किंवा नावाला असतात. मी ज्यांच्याकडून घेतल्या त्यांच्या आतून नुसता पत्रा. विकत घेण्याआधी तोंडातून टॉर्च मारा, आणि जुनी पण धड पेटी नव्या पोकळ पेटीपेक्षा चांगली समजा. कधीकधी खाली बघावं तर पेटीच नसते, साधी वाकडी नळी टाकलेली असते. उन्हाळ्यात गाडी विकणाऱ्याला त्याचं काय? तसंही या गाडीत चारांतल्या दोनच सिलिंडरांचा धूर पेटीतून जातो. ऊब मुळात मोजकीच आहे, उधळायला काही नाही.

आता जिथं मी गंमत करत नाही ते. पेटीत आतली नळी गंजून भोक पडलं तर धूर आणि तुमची हवा एकत्र होतात. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही, अशी बातमी आपल्याकडं हिवाळ्यात वाचायला मिळते. तोच वायू, कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. हीटर उघडल्यावर डोकं जड झालं, मळमळलं, झापड आली, की लाल दांडा खाली, काचा पूर्ण उघड्या, गाडी बाजूला. पेटी तपासून घेईपर्यंत पुन्हा हीटर लावायचा नाही. धुराचा वास येत असेल तर विचारायचीही गरज नाही. जळक्या ऑइलचा वास वेगळा असतो. टॅपेट कव्हरचं पॅकिंग किंवा पुशरॉडच्या नळ्यांचे सील गळून ऑइल गरम पेटीवर टपकतं. त्यानं जीव जात नाही, पण दुर्लक्षही करू नका, आणि वास ऑइलचाच आहे म्हणून धूर नाही असं धरून चालू नका. कार्बन मोनॉक्साइडचा छोटा अलार्म घ्या. तिथं तो घरासाठी सहज मिळतो, गाडीतही ठेवा. पोरांनो, हे एकटं ऐकलंत तरी माझं लिहिणं वसूल.

शेवटी ते मीठ. रस्त्यावरचं मीठ श्वेलर आतून खातं. उंबरा कुजला की ऊब दाराखालीच बाहेर पडते, पुढं काही पोचत नाही. आणि हा उंबरा गाडीचा कणाही आहे, दर दोन वर्षांच्या तपासणीत तो पोकळ निघाला तर गाडी नापास. म्हणूनच तिथले जुने शौकीन फक्त उन्हाळ्याच्या महिन्यांपुरती नंबरप्लेट घेतात आणि नोव्हेंबरात केफर झाकून ठेवतात. घेण्याआधी दाराचा उंबरा बोटानं ठोका. भरीव आवाज आला तर पुढं बोला. भुसभुशीत आला तर चहा पिऊन निघा. मी माझी आता डिसेंबरात काढत नाही, पण हे जिंतूरला सांगायला उशीर झाला.

काल रात्री त्याचा परत फोन आला. इथं शेतात शेकोटी पेटलेली, कणसं निखाऱ्यावर, तिळाची चटणी पुढ्यात. तिथं साडेचार तास मागं, संध्याकाळ. तो गाडीखाली पडलेला, टॉर्च तोंडात धरून बोलत होता, म्हणून निम्मं कळेना. डावी केबल शाबूत, उजवीही शाबूत, पेटीत पाकळ्या आहेत. "मग पंख्याकडचे पाइप बघ," म्हटलं. जरा वेळ नुसती खडखड. मग म्हणाला, "काका, उजवीकडचा पाइप नाहीये. तिथं कुणीतरी बिअरचा डबा कापून क्लॅम्पनं आवळलाय."

सेलूचा पोरगा शेकोटीच्या पलीकडून हे ऐकत होता. तरी हातातलं कणीस फिरवत त्यानं विचारलंच, "पण काका, निळ्या रंगात मिळते का?"