परदेशी पत्ते एक्सेलच्या कॉलमात सुटे कसे करायचे (फराळ पाठवणाऱ्यांसाठी खास)

परदेशी फराळ पाठवणाऱ्यांना तळणापेक्षा पत्ते जास्त छळतात. व्हॉट्सअ‍ॅपवर एका दमात सगळं येतं, नाव, फोन, पत्ता, वर "बेल बंद आहे, आल्यावर फोन करा", आणि कुरिअरच्या शीटला मात्र घर नंबर, रस्ता, शहर, राज्य, पोस्टकोड असे वेगवेगळे कॉलम हवे असतात. पंधरा-वीसच पत्ते असतील तर हाताने भरा, उगाच कोड लिहीत बसू नका. शेकड्यात गेले की लिबपोस्टल वापरा, म्हणजे पत्त्याचे तुकडे करून प्रत्येकाला नाव देणारी प्रोग्रामिंग लायब्ररी. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, पायथन या प्रोग्रामिंग भाषेतून चालतं.

आधी हे सांगतो की स्वल्पविरामावर तोडून का भागत नाही. बर्लिनचा पत्ता बघा, "उंटर डेन लिंडेन ७७, १०११७ बर्लिन". घर नंबर रस्त्याच्या नंतर, पोस्टकोड शहराच्या आधी, आणि रस्त्याच्या नावात रस्ता असा शब्दच नाही. टोकियोच्या सरकारी मुख्यालयाचा पत्ता "२-८-१ निशी-शिंजुकू, शिंजुकू-कू, टोकियो १६३-८००१", इथे तर रस्ताच नाही, नंबर थेट वस्तीला टांगलेला. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही म्हणा, पेठेतल्या वाड्याचा नंबर पण असाच पेठेचा असतो, रस्त्याचा नाही. तर प्रत्येक देशासाठी नियम लिहीत बसलात तर पुढची दिवाळी येईल. लिबपोस्टल हे ओपनस्ट्रीटमॅप आणि ओपनअ‍ॅड्रेसेस या खुल्या नकाशा-पत्ता संग्रहांतल्या जगभरच्या पत्त्यांवर शिकवलेलं मॉडेल आहे, ते शब्दांच्या आजूबाजूला बघून कुठला तुकडा काय आहे याचा अंदाज करतं.

इन्स्टॉल करणं हाच त्यातला कटकटीचा भाग. मूळ लायब्ररी सी भाषेत आहे, ती गिटहब या कोडच्या साइटवरून घेऊन कंपाइल करायची, मग पिपने (पायथनची पॅकेजं टाकायची कमांड) "पोस्टल" नावाचं पॅकेज टाकायचं. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल मध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) उबंटू लिनक्स टाकून करा, डोकं शांत राहील. मॉडेलचा डेटा जीबीमध्ये आहे, म्हणून डिस्कवर जागा बघा आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटवर सुरू करू नका. मॉडेल मेमरीत चढायला वेळ लागतो, त्यामुळे प्रत्येक पत्त्याला स्क्रिप्ट नव्याने चालवायची नाही, एकदा चढवून सगळी शीट त्यातूनच काढायची.

वापर अगदी सोपा. पार्स_अ‍ॅड्रेस या फंक्शनला पत्ता द्यायचा, ते जोड्यांची यादी देतं: तुकडा आणि त्याचं लेबल, म्हणजे हाऊस_नंबर, रोड, युनिट, सिटी, स्टेट, पोस्टकोड, कंट्री वगैरे. यादीची लगेच पायथनची डिक्शनरी (एका लेबलला एकच किंमत ठेवणारी रचना) करू नका, एकच लेबल दोनदा येऊ शकतं आणि मग पहिला तुकडा गुपचूप उडतो. सगळं स्मॉल लेटर्समध्ये येतं, पार्सलवरची चिठ्ठी छापताना परत मोठं करायचं. दुसरं फंक्शन आहे एक्स्पांड_अ‍ॅड्रेस, ते शॉर्टफॉर्म उलगडतं, "सेंट" आणि "स्ट्रीट" दोन्हीसाठी लोक एसटी लिहितात ना, तर ते दोन्ही शक्यता देतं. हे एकच घर दोनदा आलंय का ते ताडायला वापरा, पार्स करण्याआधी (म्हणजे तुकडे पाडण्याआधी) चालवू नका, पार्सरला पत्ता जसा आहे तसाच लागतो.

जसा आहे तसा म्हणजे पत्ताच फक्त बरंका. माणसाचं नाव, केअर ऑफ, फोन नंबर, बेलची गोष्ट हे आधी काढून टाका, कारण नाव कुठे ठेवायचं हे त्याला कळत नाही, मग ते बिल्डिंग समजून बसतं. आणि देश गिऱ्हाइकाकडून वेगळा विचारून पत्त्याच्या शेवटी पूर्ण नावाने जोडा. नुसतं डीई लिहिलं तर जर्मनी की डेलावेअर, सीए म्हणजे कॅनडा की कॅलिफोर्निया, हे माणसालाही पटकन कळत नाही.

आता खरं काम. पार्सर पत्ता खरा आहे की नाही हे सांगत नाही, तो फक्त तुकड्यांना नावं देतो, चुकला तरी तितक्याच आत्मविश्वासाने. म्हणून देशाप्रमाणे पोस्टकोड तपासा. जर्मनी पाच आकडे, ऑस्ट्रेलिया चार, नेदरलँड्स चार आकडे आणि दोन अक्षरं, अमेरिका पाच किंवा पाच अधिक चार. कॅनडात अक्षर-आकडा आलटून पालटून, आणि त्यात ओ हे अक्षर वापरतच नाहीत, त्यामुळे शून्याच्या जागी ओ टाइप केलेला लगेच सापडतो. दुबईला पोस्टकोडच नसतो, तो कॉलम रिकामा दिसला म्हणून घाबरू नका. बोस्टनचा ०२१३३ एक्सेलमध्ये २१३३ होतो, तो कॉलम आधीच टेक्स्ट करून ठेवा. ड्रेस्डेनचे कोडही शून्यानेच सुरू होतात.

पाठवणाऱ्याचा पुण्यातला पत्ता मात्र यात घालू नका. "स. नं. ४१, विंग बी, मारुतीच्या देवळामागे" याचं तो काहीही करतो, भारतातल्या घरांचे नंबर त्या डेटात फारसे नाहीतच. इथे सहा आकडी पिनकोड उचला, बाकी सगळं पहिल्या ओळीत जसंच्या तसं.

मूळ मेसेज एका वेगळ्या कॉलममध्ये कायम ठेवा, पार्सल परत आलं की तोच बघावा लागतो. पोस्टकोडच्या तपासणीत न बसलेले पत्ते गिऱ्हाइकाला परत पाठवा, पण "पत्ता बरोबर आहे ना?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "पोस्टकोड काय?" एवढंच विचारा.