आधी ब्रेक, मग बैठक: फोर बाय फोर पिकअपची मृगाआधीची तयारी

मे अर्धा सरला की पिकअपवाल्यांची दोन कामं एकदम निघतात. पावसाआधी ब्रेक बघायचे, आणि आत कप्पे, फ्रिज, जादा बॅटरी बसवून घ्यायची. बहुतेक जण कुशनवाल्याकडे आधी जातात आणि ब्रेकचं 'बघू नंतर' म्हणतात. क्रम उलटा हवा. १८ मिमी प्लायची आठ बाय चारची एक शीटच ३० किलोच्या आसपास भरते. दोन शीट, ४० लिटर पाणी, बॅटरी आणि फ्रिज धरलं तर दीडशे किलोच्या घरात कायमचा बोजा चढतो, आणि औट्रम घाटात किंवा मांजरसुंब्याच्या उतारावर तो ब्रेकलाच पेलायचा असतो. म्हणून आधी ब्रेक, मग आतलं काम, आणि ते झाल्यावर पुन्हा ब्रेक.

पाना हातात घेण्याआधी पॅडल काय सांगतं ते ऐका. इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबा, शेवटी दाबूनच धरा आणि गाडी चालू करा. पॅडल थोडं खाली बसलं तर बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा डबा, काम करतोय. जागचं हललं नाही तर बूस्टरपेक्षा व्हॅक्यूमचा पाइप आधी तपासा. डिझेल गाडीत व्हॅक्यूम पंपापासून येणारा हा रबरी पाइप उन्हाने तडकतो आणि दोष बूस्टरवर जातो. आता इंजिन चालू ठेवून पॅडल एकसारख्या दाबाने मिनिटभर धरा. ते हळूहळू तळाला जात असेल आणि बाहेर कुठेच ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पॅडलच्या जोराने ब्रेक ऑइल दाबणाऱ्या पंपाच्या, आतले रबर गेलेत. पॅडल स्पंजासारखं लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. लांब जाऊन घट्ट लागत असेल आणि दोनदा मारल्यावर वर येत असेल, तर बहुधा मागचे शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) ड्रमपासून लांब गेलेत. तिथे एअर काढत बसून काही होणार नाही.

मग मोकळ्या मुरमाच्या मैदानावर ताशी ३०-४० च्या वेगाने जाऊन ब्रेक लावा. ब्रेक लावल्यावर गाडी उजवीकडे ओढत असेल तर डावीकडचा पुढचा ब्रेक धरत नाही. ब्रेक न लावताच उजवीकडे ओढत असेल तर उजवा ब्रेक सुटत नाही, किंवा टायरच्या हवेत फरक आहे. पाच-सहा किलोमीटर चालवून चारही रिमजवळ हात न्या, लावू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं असेल तर काम तिथून सुरू करा.

पुढचं चाक काढताना जॅकवर विसंबू नका. चेसिसखाली स्टँड ठेवा आणि मागच्या चाकांना दगड लावा. कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा चिमटा, सोडला की तारेने वर बांधा. ब्रेकच्या होजवर तो लोंबकळला तर होज आतून फाटतो, बाहेरून काही दिसत नाही, आणि पुढे तोच होज तेल जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. पॅडचं मटेरियल ३ मिमी किंवा कमी राहिलं असेल तर दोन्ही बाजूंचे पॅड बदला. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. त्याच्या खाली गेलेली डिस्क लेथवर घासून वाचत नाही. कॅलिपरच्या सरकत्या पिना हाताने मागेपुढे सरकायला हव्यात. आपल्या फुफाट्यात त्या सुकतात, आणि मग आतला पॅड संपतो, बाहेरचा तसाच राहतो. त्यांना ब्रेकचं सिलिकॉन ग्रीसच लावा, चाकाचं ग्रीस रबर फुगवतं.

खरा वेळ मागे जातो. हायलक्स असो, व्ही-क्रॉस असो की बोलेरो कॅम्पर, मागे ड्रमच आहे, आणि काळ्या मातीची पांदण तुडवलेल्या गाडीचा ड्रम उघडला की आत काय असतं ते एकदा बघाच. शू आणि मागच्या पत्र्याच्या मधे माती विटेसारखी थापून बसलेली, शू आणि ड्रममधलं अंतर कमी-जास्त करणाऱ्या अॅडजस्टरचे दाते बुजलेले, हॅण्डब्रेकची केबल चिखलात आवळलेली. हॅण्डब्रेक सोडूनही ड्रम निघत नसेल तर हातोडा घेऊ नका. बऱ्याच ड्रमला दोन आटे पाडलेली भोकं असतात. त्यांत बोल्ट घालून दोन्ही बाजूंनी सारखे पिळले की ड्रम आपोआप बाहेर येतो. धूळ हवेने उडवू नका, शूवरच्या जुन्या लायनिंगची धूळ फुप्फुसाला घातक. साबणाच्या पाण्याने धुवा.

ड्रमच्या आत शू बाहेर ढकलणारा छोटा सिलिंडर असतो, त्या व्हील सिलिंडरचं रबरी टोपण बोटाने उचला. आत नुसती ओल असली तरी रबरांचं किट बदला, आणि दोन्ही बाजूंचं बदला. शू तेलकट असेल तर तेल कोणतं ते आधी ठरवा. पातळ आणि रंग उडवणारं असेल तर ब्रेक ऑइल. दाट, गंधकासारख्या वासाचं असेल तर एक्सलचं सील गेलंय आणि हे गिअर ऑइल आहे. पेट्रोलने धुऊन, जाळून शू परत बसवायची पद्धत गावोगाव आहे. ती सोडा. लायनिंगने एकदा प्यायलेलं तेल गरम झालं की पुन्हा वर येतं. जोडणी झाल्यावर चाक हाताने फिरवत अॅडजस्टर आवळा, चाक अडू लागलं की काही दाते मागे घ्या. एवढ्याने निम्म्या गाड्यांचं पॅडल जागेवर येतं.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट ४ दर्जाचं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर हा आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. भरल्या गाडीने घाट उतरताना पॅडल अचानक मऊ पडतं त्याचं कारण हेच. दोन वर्षांनी ते पूर्ण बदला. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलाच दर्जा घ्या, डबा सीलबंद घ्या, एक लिटर पुरतं. एअर काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत सहसा मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम असेल तर तो पाळा. एकाने पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळचा हवा काढायचा निपल सोडून परत आवळायचा, मगच पॅडल सोडायचं. टाकी रिकामी होऊ दिली तर सगळं पहिल्यापासून, आणि एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर बहुतेक वेळा स्कॅनरशिवाय निघत नाही.

एक गोष्ट मेकॅनिकही विसरतो. अनेक पिकअपमध्ये मागच्या एक्सलवरून चेसिसकडे एक सळई जाते, तिच्यावर लोड सेन्सिंग व्हॉल्व असतो. मागची उंची बघून तो मागच्या ब्रेकला दाब देतो. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये जादा पान घालून गाडी उचलली की व्हॉल्वला गाडी रिकामी वाटते, आणि मागचा ब्रेक कमी लागतो. पाट्यांना हात लावलात तर त्या सळईची सेटिंगही करून घ्या.

आता आत. सीट काढा, कार्पेट उचला, फरशीचा पत्रा बघा. गंज खरवडून प्रायमर मारा, पाणी निघून जायच्या भोकांची रबरी बुचं जागेवर आहेत ना बघा. कापडी कार्पेट परत घालू नका. काळा चिखल त्यातून जन्मात निघत नाही, जाड रेक्झिन किंवा रबर पाण्याने धुता येतं. आवाज कमी करायला शीट लावायची तर ब्युटाइल रबराची. डांबराची स्वस्त शीट आपल्या मेच्या उन्हात वितळते. सीट कव्हर शिवताना सीटमध्ये एअरबॅग असेल तर ती बाजू झाकू नका. ड्रायव्हरची मॅट हुकात अडकवा आणि तिन्ही पॅडल तळापर्यंत दाबून बघा, मॅटची कड कुठे अडकते का.

कप्प्यांसाठी १२ मिमी प्लाय पुरे, १८ चा हट्ट सोडा. जड सामान खाली आणि मागच्या एक्सलच्या पुढे. एक्सलच्या मागे गेलं की पुढची चाकं हलकी पडतात, स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही बिघडतात. शक्यतो गाडीची आधीची भोकं वापरा. नवं भोक पाडण्याआधी गाडीखाली झोपून बघा. फरशीच्या खालूनच ब्रेकची नळी आणि डिझेलची लाइन जाते, आणि ड्रिल वरून काही बघत नाही. ८.८ ग्रेडचे बोल्ट, खालून रुंद पट्टीचा वॉशर. वेल्डिंग असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. मागे जादा सीट टाकायचा विचार सोडा. नोंदणीतल्या तपशिलात बदल होईल असं काम मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला चालत नाही.

फ्रिज १२ व्होल्टवर चार-पाच अँपिअर घेतो. चार स्क्वेअर मिमीची वायर आणि १५ अँपिअरचा फ्यूज, तोही बॅटरीच्या अगदी जवळ. फ्रिजजवळ लावला तर मधली वायर उघडीच राहते. पत्र्यातून जाताना रबरी बूच घाला, पॅडलच्या आसपासून वायर नेऊ नका. आग विझवायचा सिलिंडर धातूच्या कंसात, ड्रायव्हरचा हात पोचेल तिथे.

सगळं बसल्यावर पाण्याच्या टाकीसकट गाडी भरा आणि त्याच मुरमाच्या मैदानावर त्याच वेगाने पुन्हा ब्रेक मारा. हेडलाइट वर बघू लागले असतील तर खाली करा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट आणि कप्प्यांचे बोल्ट परत आवळा, ब्रेक ऑइलची पातळी बघा. ओढा ओलांडल्यावर गाडी चालू असतानाच पॅडल हलकेच दाबून ड्रम सुकवा, मगच वेग घ्या.