सर्क्युलर सॉ चालवायला शिकताना: साईटवर नव्याने येणाऱ्यांसाठी

आयटीआयचा सुतारकामाचा ट्रेड करून किंवा थेट मिस्त्रीच्या हाताखाली शिकायला आलेल्या पोरांच्या हातात लवकरच ‘कटर’ येतो. लातूर असो, नांदेड असो की छत्रपती संभाजीनगर, या एका नावाखाली दोन वेगळी यंत्रं चालतात आणि पहिला घोळ तिथेच होतो.

एक मार्बल कटर. 4 इंची (110 मिमी) पात्याचा, फरशी कापायला केलेला, मोकळा फिरताना मिनिटाला 12 ते 13 हजार फेरे घेणारा. दुसरी खरी सर्क्युलर सॉ. तिचं पातं साधारण 7 इंची (185 मिमी), फेरे 5 हजारांच्या आसपास. मार्बल कटर स्वस्त आणि हलका, म्हणून त्यालाच लाकडाचं दातेरी पातं लावून प्लाय कापायची सवय साईटवर पडली आहे. ही सवय लावून घेऊच नका. फरशीचं डायमंड पातं घासून कापतं, लाकडाचं पातं दाताने लाकूड धरून ओढतं. असं ओढणारं पातं लाकडातून बाहेर येताच झाकलं गेलं पाहिजे. सर्क्युलर सॉला त्यासाठी स्प्रिंगवर मिटणारं खालचं गार्ड असतं, मार्बल कटरला ते नसतं. कापून झाल्यावर कटर खाली आणला की उघडं, फिरतं पातं मांडीशेजारीच असतं. शिवाय पात्यावर छापलेली फेऱ्यांची कमाल मर्यादा यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा जास्तच असावी लागते. दुकानातून आणलेलं पातं ती न बघता लावलं जातं.

यंत्र हातात आलं की प्लग काढलेला असताना खालचं गार्ड बोटाने पूर्ण मागे ओढा आणि सोडा. खटकन मिटलं पाहिजे. रेंगाळत मिटत असेल तर आत भुसा आणि डिंक साचलाय, ब्रशने साफ करा. कापताना अडतं म्हणून गार्ड तारेने बांधलेलं किंवा पाचर मारून उघडं ठेवलेलं यंत्र कुणीही दिलं तरी चालवू नका, मग तो मिस्त्री कितीही जुना असो.

आता मुख्य गोष्ट, उलटा झटका. बहुतेकांना वाटतं, हात कच्चा असला की झटका बसतो. खरं तर तो बहुतेक वेळा लाकूड कसं टेकवलंय यावर ठरतो. पात्याचे दात खालून वर कापत येतात. कापलेली फट मिटून पातं चिमटलं गेलं की मोटरची सगळी ताकद यंत्राला मागे, कापणाऱ्याच्या दिशेने फेकते. हे एवढ्या झटकन होतं की सावरायला वेळच मिळत नाही.

8 बाय 4 फुटांचा प्लाय दोन घोड्यांवर (लाकडी स्टँडवर) दोन टोकांना ठेवून मधून कापायला घेतला, असं समजा. सुरुवातीचे दोन फूट पातं सरळ जातं. शेवटच्या फुटाला दोन्ही अर्धे आपल्या वजनाने मध्ये खचतात, फटीच्या वरच्या कडा एकमेकींकडे झुकतात. मोटरचा सूर जड होतो, जळका वास येतो, कडेवर काळा पट्टा उठतो. तो सूर ऐकू आला त्याच क्षणी बटण सोडा. जोराने पुढे रेटू नका, आणि पातं फिरत असताना वर तर उचलूच नका. पूर्ण थांबल्यावर यंत्र बाहेर काढा, टेकू नीट करा, पातं जरा मागे ठेवून, दात लाकडाला टेकू न देता मोकळं फिरू द्या आणि मग पुन्हा कापात पुढे घाला.

म्हणून टेकू आधी. जमिनीवर प्लायखाली चार बॅटन (जाड लाकडी पट्ट्या) घाला, कापाच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, त्यातले मधले दोन रेषेजवळ. दोन्ही तुकडे कापून झाल्यावरही आपल्या जागी पडून राहिले पाहिजेत. काळ्या मातीच्या प्लॉटवर जमीन कुठे फुगलेली, कुठे भेगाळलेली असते. प्लायच्या चारही कोपऱ्यांवर हाताने दाबून बघा, डुगडुगत असेल तर बॅटनखाली चपटी सारा. टोकाची पट्टी कापायची असेल तर ती बाहेर मोकळी ठेवा, म्हणजे कापल्यावर सरळ खाली पडते. तिला हाताने आधार द्यायला दुसरा माणूस उभा करू नका. तो हमखास वर उचलतो आणि फट मिटते.

पात्याची खोली लाकडाच्या जाडीपेक्षा फक्त 2 सूत जास्त. 6 सूत प्लायला 8 सूत, म्हणजे एक इंच. संपूर्ण पातं खाली सोडलं की जास्त दात उघडे राहतात, चिरफळ्या वाढतात आणि चिमटण्याची जागाही वाढते. दात खालून वर येत असल्याने चिरफळ्या वरच्या बाजूला उडतात, म्हणून लॅमिनेटची चांगली बाजू खाली ठेवायची. सरळ कापासाठी अॅल्युमिनियमची पट्टी दोन क्लॅम्पने बांधा. पात्यापासून बेस प्लेटच्या कडेपर्यंतचं अंतर आपल्या यंत्रावर एकदा मोजून यंत्रावरच लिहून ठेवा. समजा ते 5 इंच निघालं, तर पट्टी रेषेपासून 5 इंचावर. नुसत्या डोळ्याने रेषा धरून चालवलं की हात थोडा वळतो, आणि वळलेलं पातंही चिमटतं. पात्याचे दात सुमारे 24 असतील तर ते फळी उभी चिरायला, प्लायला 40, लॅमिनेटला 60.

मराठवाड्यात जुन्या माळवदांच्या सागवानी तुळया आणि सरं पुन्हा कापायला येतात. लाकूड उत्तम असतं, पण आत मोडलेले खिळे असतात आणि वर कधी कधी मातीचा थर. आधी तारेच्या ब्रशने घासा, लोहचुंबक फिरवा, गंज दिसला तिथे पटाशीने उकरून खिळा काढा. टीसीटी पात्याचा (ज्याच्या दातांना कार्बाइडची टोकं जोडलेली असतात) कार्बाइड दात खिळ्यावर तुटून गोळीसारखा उडतो. बाभूळ किंवा कडुलिंब ओला असेल तर कापलेली फट आपोआप मिटायला लागते. फूटभर कापल्यावर थांबा, पातं थांबू द्या, फटीत लाकडी पाचर घाला, मग पुढे जा.

उभं राहायचं ते पात्याच्या रेषेत नव्हे, एका बाजूला. दोन्ही हात यंत्रावर, लाकूड क्लॅम्पवर. गुडघ्याखाली फळी दाबून कापणं म्हणजे झटक्याच्या वाटेवर मांडी ठेवणं. गळ्यातला रुमाल काढा, बाह्या बांधा, सैल हातमोजे घालू नका. उन्हाळ्यात घामाने चष्मा धूसर होतो आणि पोरं तो कपाळावर सरकवतात. तसं करू नका, दर चार-पाच कापांनंतर थांबून पुसा. एमडीएफचा बारीक भुसा फुप्फुसात खोल जातो, त्याला रुमाल पुरत नाही, एन-95 मास्क लागतो.

तरीही बोट तुटलं, तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि 108 ला फोन करा. तुटलेला तुकडा स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, आणि ती पिशवी बर्फात ठेवा. तुकडा थेट बर्फात टाकला तर तो पुन्हा जोडण्यालायक राहत नाही.

शेवटी विजेचं. लांब वायर पातळ असेल तर विजेचा दाब (व्होल्टेज) कमी पडतो, मोटर तापते आणि पातं मंदावून चिमटतं. 1200-1400 वॅटच्या यंत्राला 2.5 चौरस मिमीची वायर घ्या आणि रीळवरून पूर्ण उलगडा. बोर्डावर 30 मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) असावा. आणि कापताना लाईट गेली तर बटण सोडून लगेच प्लग काढायचा. बटण लॉक राहिलं, सॉ प्लायवर आडवी पडली आणि लाईट आली, की ती एकटीच चालू लागते.