सारख्या अक्षरांनी सुरू होणारे इंग्रजी शब्द कसे शिकावेत

असे शब्द एकेक करून पाठ करण्याऐवजी त्यांचा गट करून वहीच्या एकाच पानावर लिहावा. 'ट्रान्स'चा लॅटिन अर्थ 'पलीकडे' आणि 'पोर्ट'चा 'वाहून नेणे'. त्यामुळे नागपुरात कळमन्याच्या बाजारातून संत्री भरून निघालेल्या ट्रकवरचा 'ट्रान्सपोर्ट' हा शब्द एकदा असा फोडून वाचला, की 'ट्रान्सफर' म्हणजे बदली आणि 'ट्रान्सपरंट' म्हणजे आरपार दिसणारे, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

'अँटी'च्या गटात मात्र घाई करू नये, असे मला मनापासून वाटते. 'अँटिसेप्टिक'मधला 'अँटी' ग्रीक असून त्याचा अर्थ 'विरुद्ध' असा होतो. पण 'अँटिक' म्हणजे पुरातन वस्तू आणि 'अँटिसिपेट' म्हणजे आधीच अंदाज बांधणे, हे दोन्ही शब्द 'आधी' या अर्थाच्या लॅटिन शब्दाच्या कुळातले आहेत. (आपल्याकडेही 'अशक्य'मधला 'अ' नकार सांगतो, 'अडचण'मधला नाही.) म्हणून शब्दकोशात अर्थासोबत व्युत्पत्तीही पाहावी आणि परक्या कुळाचा शब्द त्याच पानाच्या तळाशी वेगळ्या शाईने लिहून ठेवावा.