म्हाताऱ्या कुत्र्याच्या घरात पिल्लू आणताय? या चुका टाळा

पावसाळा सरला की गल्लीबोळांत पिल्लं दिसायला लागतात आणि थंडीत कुडकुडणारं एखादं कुणीतरी उचलून घरी आणतं. आमच्याकडे बंड्या असाच आला, चपलांच्या खोक्यातून. घरात सोनी आधीपासून होती. अकरा वर्षांची देशी कुत्री, मागच्या पायांनी थकलेली. तिला सोबत होईल असं आम्हाला मनापासून वाटलं होतं. पहिल्या आठ-दहा दिवसांत आम्ही ज्या चुका केल्या, त्यांचा त्रास तिलाच सर्वांत जास्त झाला. म्हणून हे लिहिते आहे.

गुरगुरली म्हणून रागावणं

ही चूक सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त घरांत होणारी. सोनी तिच्या गोधडीवर पडलेली असायची आणि बंड्या जाऊन थेट तिच्या कानाला लोंबकळायचा. ती आधी तोंड फिरवायची. मग ओठांवरून जीभ फिरवायची, झोप आलेली नसताना जांभई द्यायची. डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसायला लागायचा, अंग ताठ व्हायचं. एवढं सगळं सांगून झाल्यावर ती गुरगुरायची, आणि आम्हाला ऐकू यायचं ते फक्त ते गुरगुरणं. लगेच आमच्यापैकी कुणीतरी ओरडायचं, "सोने, गप्प! लहान आहे तो!"

चार-पाच दिवसांनी ती गुरगुरायची बंद झाली. आम्हाला वाटलं, जमलं. त्याच संध्याकाळी काही आवाज न करता तिने झडप घातली आणि बंड्याच्या कानाला दात लागला. गुरगुरलं की ओरडा बसतो एवढं ती शिकली होती, त्यामुळे इशारा गेला आणि थेट दात आले.

म्हातारं कुत्रं गुरगुरलं तर त्याला एक शब्दही बोलू नका. पिल्लाला उचलून लांब न्या, त्याला चघळायला काहीतरी द्या. खरं तर गुरगुरण्याआधीच, तोंड फिरवलं तेव्हाच उठायला हवं.

पहिल्याच दिवशी नाकाला नाक

रस्त्यावरून उचललेल्या पिल्लाला आधी डॉक्टरकडे न्या. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे दोन्ही आजार पिल्लांचा जीव घेतात आणि आजार अंगात असूनही सुरुवातीचे काही दिवस पिल्लू ठणठणीत दिसू शकतं. गोचिड्या आणि जंत तर जवळपास ठरलेलेच. दोनेक आठवडे त्याला वेगळ्या खोलीत ठेवलेलं बरं. त्याआधी मोठ्या कुत्र्याचं वार्षिक लसीकरण झालंय का, ते कार्डावर बघून घ्या.

हे वेगळं राहणं वायाही जात नाही. पिल्लाच्या अंगाखालचं फडकं मोठ्याजवळ ठेवा, त्याचं पिल्लाजवळ. भेटण्याआधी वासाची ओळख होते.

पहिली भेट मोठ्याच्या गोधडीजवळ किंवा दारात नको. ती जागा त्याची असते. "बाहेर रस्त्यावर भेटवा" असा सल्ला सर्रास दिला जातो, पण लसी पूर्ण न झालेल्या पिल्लासाठी तो धोक्याचा आहे, कारण पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, असं साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतं. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. तोवर शेजाऱ्यांची गॅलरी किंवा इतर कुत्री जात नाहीत अशी कुलूपबंद गच्ची वापरा. दोघांना पट्टा असावा, पण ढिला. पट्टा ताणला की कुत्रंही ताणात येतं. पाच मिनिटं पुरे.

"त्यांचं त्यांना ठरवू दे"

घरी येणारा प्रत्येक पाहुणा हे सांगतो. तीन किलोचं पिल्लू आणि वीस किलोचं कुत्रं यांनी आपसात काय ठरवायचं? मोठ्याने एकदा "भुफ्" करून दटावलं, पिल्लू केकाटत मागे सरलं, जखम नाही आणि मोठं लगेच शांत झालं, तर ते चालेल. पिल्लू त्यातून शिकतं. पण मोठं कुत्रं मान ताठ करून एकटक बघत असेल, मागे लागत असेल, धरून हलवत असेल, तर दोघांना तिथेच वेगळं करा आणि पुढे काही दिवस कुणाची नजर नसताना एकत्र ठेवू नका. आम्ही शेवटी स्वयंपाकघराच्या दाराला कमरेएवढी जाळी बसवली. दोघं एकमेकांना बघायची, पण सोनीला कुणी छळू शकायचं नाही.

भांडण जुंपलं तर तोंडांच्या मध्ये हात घालू नका. पाणी ओता, जाड चादर टाका, स्टीलचं ताट आपटा. दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

वाट्या शेजारी-शेजारी

जेवण वेगळ्या खोल्यांत, दार लावून. पिल्लू दिवसातून तीन-चार वेळा खातं, मोठं दोनदा. वीस मिनिटांनी वाट्या उचला. पिल्लाच्या खाण्यात प्रथिनं आणि उष्मांक जास्त असतात. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या किंवा वजन वाढलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला ते रोज मिळणं बरं नाही. हाडं, चघळायच्या काड्या जमिनीवर पडू देऊ नका, निम्मी भांडणं त्यावरूनच होतात.

तरीही जमत नसेल तर

संध्याकाळी सातच्या सुमारास पिल्लू पिसाळल्यासारखं करतं? बहुतेक वेळा ते झोपेला आलेलं असतं. एवढंसं पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं. त्याला त्याच्या कोपऱ्यात ठेवून दिवा मालवा.

सगळं सुरळीत असताना चार-पाच महिन्यांनी अचानक खटके उडायला लागले? लहान पिल्लाला मोठी कुत्री बरंच सोसतात, ते वाढलं की ही सवलत संपते. जाळी पुन्हा लावा, जेवणं पुन्हा वेगळी करा.

आधी शांत असलेलं कुत्रं एकाएकी चिडकं झालं, तर स्वभावाला दोष देण्याआधी सांधे, दात, डोळे, कान तपासून घ्या. सोनीच्या कंबरेत संधिवात निघाला. बंड्या अंगावर उडी मारायचा तेव्हा तिला खरंच दुखत होतं. औषध सुरू झालं, तिची गोधडी पिल्लाला चढता येणार नाही अशा पलंगावर गेली आणि पलंगाला पायरी म्हणून पाट लावला. सकाळची फेरी आम्ही पुन्हा तिची एकटीची केली. बंड्या घरात रडायचा, रडू दिलं. त्या वीस मिनिटांत ती पूर्वीसारखी प्रत्येक खांब हुंगत, रमतगमत चालायची.