आकाशदर्शनाला काय दाखवायचं? यादी करताना या चुका टाळा

शाळेच्या मैदानावर किंवा सोसायटीच्या गच्चीवर दुर्बीण लावली की रांगेत उभी राहणारी बहुतेक माणसं आयुष्यात पहिल्यांदाच तिला डोळा लावणार असतात. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम मिनिटभर येतं. म्हणून यादी करताना एकच कसोटी लावा: न सरावलेल्या डोळ्याला मिनिटभरात हे स्पष्ट दिसेल का?

पौर्णिमेचा मुहूर्त

चंद्र दाखवायचा म्हणून पौर्णिमा निवडणारे खूप भेटतात. त्या रात्री सूर्यप्रकाश चंद्रावर समोरून पडतो, सावल्या जवळजवळ नाहीशा होतात आणि विवरं सपाट दिसतात. शिवाय सगळं आकाश उजळून निघतं, अंधुक काहीही हाती लागत नाही. तिथी पाहून शुद्ध षष्ठी ते नवमीमधली संध्याकाळ ठरवा. उजेड आणि काळोख यांच्या सीमारेषेवर विवरांच्या कडा आणि डोंगरांच्या लांब सावल्या उठून दिसतात. अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास मावळतो, त्यामुळे रात्रभर थांबणाऱ्यांना पुढे काळोखही मिळतो.

फोटो पाहून केलेली निवड

देवयानी दीर्घिकेचा फोटो पाहून आलेला माणूस दुर्बिणीत फिकट धुरकट डाग पाहतो आणि हिरमुसतो. कॅमेरा तासन्‌तास प्रकाश साठवतो, डोळा तसं करू शकत नाही. मंद प्रकाशात आपल्याला रंगही जवळजवळ कळत नाहीत, म्हणून मृगातला तेजोमेघसुद्धा करडाच दिसतो. तरीही तो यादीत हवाच, कारण त्याच्या पोटात चार ताऱ्यांचा इवलासा चौकोन लगेच ओळखू येतो. देवयानी मात्र शहरातून दाखवू नका. तिचा प्रकाश 25 लाख वर्षांचा प्रवास करून येतो ही गोष्ट सांगायला सुंदर आहे, पण ती खऱ्या काळोख्या गावासाठी राखून ठेवा.

रंग दाखवायचे असतील तर जोडतारे घ्या. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी हंसाच्या चोचीतला अल्बिरिओ लावा: एक सोनेरी, शेजारी एक निळा. शहराच्या उजेडातही तो फसवत नाही. आयोजक जोडताऱ्यांना फार कमी लेखतात, असं माझं ठाम मत आहे.

दुसऱ्या अक्षांशावरून उचललेली यादी

ही चूक सर्वात महाग पडते. इंटरनेटवरच्या बहुतेक याद्या युरोप-अमेरिकेतल्या निरीक्षकांनी केलेल्या असतात. तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिकांची प्रसिद्ध मेसिए यादी (शार्ल मेसिए या फ्रेंच निरीक्षकाची) पॅरिसमध्ये, सुमारे 49 अंश उत्तर अक्षांशावर तयार झाली. महाराष्ट्रात आपण 16 ते 22 अंशांवर आहोत. त्यांच्या क्षितिजाखाली राहणारं बरंच आकाश आपल्याला दिसतं, आणि त्यातलं सर्वात देखणं रत्न म्हणजे नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी. आपल्या आकाशगंगेतला हा सर्वात मोठा गोलाकार तारकागुच्छ पॅरिसमधून कधीच उगवत नाही, म्हणून मेसिएच्या यादीत तो नाही. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर तो दक्षिण क्षितिजापासून 23-24 अंश वर येतो.

शोधायला सोपा आहे. मेच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास चित्रा बरोबर दक्षिणेला येते. तिथून सरळ खाली क्षितिजाकडे सुमारे 36 अंश उतरा, म्हणजे हात लांब करून साडेतीन मुठी. सहा इंची दुर्बिणीत आधी धूसर गोळा दिसतो. नजर किंचित बाजूला ठेवून पाहिलं की त्यात बारीक बारीक तारे उमटू लागतात. फक्त जागा निवडताना दक्षिणेला शहर, डोंगर किंवा इमारत नाही ना, एवढं दिवसाच पाहून घ्या.

त्याच सुमाराला मान उत्तरेकडे वळवली की सप्तर्षींतले वसिष्ठ-अरुंधती बरेच उंच असतात. लग्नात नवरानवरीला दाखवतात ती हीच जोडी, त्यामुळे आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना तिच्याबद्दल आपुलकी. दुर्बिणीत कळतं की वसिष्ठ हाच मुळात दोन तारे आहे. चित्रा, वसिष्ठ आणि ओमेगा सेंटॉरी जवळपास एकाच वेळी उत्तर-दक्षिण रेषेवर येतात, म्हणून मेमधला कार्यक्रम आखणं फार सोपं होतं.

गेल्या वर्षीची कार्यक्रमपत्रिका

"शनी दाखवणार" असं छापण्याआधी तो संध्याकाळी आकाशात आहे का ते तपासा. शनी दरवर्षी साधारण दोन आठवडे आणि गुरू महिनाभर उशिराने त्याच जागी येतो. मंगळ दोन वर्षं आणि दोनेक महिन्यांनी जवळ येतो. एरवी तो बारीक तांबूस ठिपकाच. शनीची कडी 2025 मध्ये आपल्याला कडेवरून, जवळजवळ रेघेसारखी दिसली. आता ती वर्षागणिक उघडत जातील.

जास्त पॉवर म्हणजे जास्त मजा?

750 मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत 25 मिलिमीटरच्या आयपीसने (डोळा लावायच्या भिंगाने) 30 पट आणि 10 मिलिमीटरच्या आयपीसने 75 पट मोठं दिसतं. कृत्तिकांचा तारकागुच्छ 75 पटींत लावला तर दोन-तीन तारेच उरतात, गुच्छ हरवतो. 30 पटींत सगळ्या बहिणी एकत्र येतात. शिवाय 75 पटींत, पृथ्वी फिरत असल्यामुळे, वस्तू तीनेक मिनिटांत चौकटीबाहेर जाते. चाळीस माणसांच्या रांगेत एकेका वस्तूला पाऊण तास लागतो. तेव्हा एका दुर्बिणीला तीन किंवा चार वस्तू पुरे. त्यातही जी मावळतीकडे झुकली आहे ती आधी दाखवा. डॉबसोनियन (जमिनीवरच्या फिरत्या पेटीत बसवलेली दुर्बीण) असेल तर अगदी डोक्यावरची वस्तू टाळा, तिथे नळी वळवणं जिकिरीचं होतं.

"मला काही दिसत नाही"

असं कुणी म्हटलं की नळी हातानं हलली आहे का ते आधी बघा, मग फोकस. जवळचा किंवा लांबचा साधा नंबर असलेल्यांनी चष्मा काढून फोकस जुळवला तरी चालतं. सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल तर चष्मा असू द्या. आयपीसवर दव बसलंय का तेही पाहा. आणि "दिसलं का?" विचारू नका, संकोचानं माणसं हो म्हणतात. "किती तारे दिसले?", "कडी आडवी आहेत की तिरकी?" असं विचारा. उत्तर अडखळलं तर पुढच्याला थांबवून त्यालाच पुन्हा पाहू द्या.